गेलेला करंट परत कसा येणार?

प्रश्न : मेस्त्री, माझी १९९७ सालची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरची. वडिलांनी घेतलेली म्हणून विकवत नाही. मिरग लागला की तिच्या अंगात येतं. सेल्फ मारला की नुसतं 'टक्', आणि कधी चौथ्या वेळेला काहीच झालं नाही अशी चालू होते. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या, सेल्फ भरून आणला, फरक शून्य. आणखी एक म्हणजे, दिवे बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात. आता एक वायरमन म्हणतो, अख्खं वायरिंग बदला. बदलू का?
– एक वाचक, जांबोटी

उत्तर : नका बदलू. निदान या रविवारपर्यंत तरी नका. ब्रेकचं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, पण माझ्यासाठी तुमचं पत्र तिथंच सुरू झालं.

करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो, काम करतो आणि मायनसला परत येतो. जायला प्रत्येक दिव्याची वेगळी वायर असते, यायला मात्र सगळ्यांना मिळून गाडीचा पत्रा. त्यालाच आपण अर्थिंग किंवा नुसतं अर्थ म्हणतो. खानापूरकडचा पाऊस आणि तांबडा चिखल पंचवीस-तीस वर्षं खाल्लेल्या पत्र्याकडून आणखी काय अपेक्षा करणार?

मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि पार्किंगची ५ वॅटची. दोघींना अर्थ एकच. तो गंजला की ब्रेकचा करंट पार्किंगच्या तारेतून उलटा शिरतो, तिच्या वायरीनं पुढं येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मिणमिणवत तिथला अर्थ गाठतो. चोर्ला घाट बंद झाला की गोव्याच्या गाड्या अनमोड घाटाकडं वळतात, तसंच हे.

सेल्फचं दुखणंही याच घराण्यातलं वाटतं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे पत्र्यापासून तुटलेलंच. त्याला अर्थ मिळतो तो एका जाड काळ्या वायरीतून. सेल्फ फिरताना शंभर अँपिअरच्या घरात करंट ओढतो. त्या वायरीच्या टोकाला गंजामुळे ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आला, तरी तिथंच एक व्होल्ट खलास. दिवे, हॉर्न ठणठणीत चालतात, कारण त्यांना लागतं थोडं. म्हणून सगळ्यांचा संशय बॅटरीवर जातो.

माझंही पाप सांगून टाकतो. शहापुरात उमेदवारी करत होतो. एका पद्मिनी गाडीचा गिअरबॉक्स उतरवून बसवला आणि सेल्फ मारला. फिरेना. पुन्हा मारला तर प्लॅस्टिक जळल्याचा वास. चोकच्या केबलला हात लावला आणि बोट भाजलं. इंजिनची अर्थची पट्टी जोडायला मीच विसरलो होतो आणि सगळा करंट बिचाऱ्या केबलमधून वाट काढत होता. वस्तादांनी आधी पट्टी लावली, मग म्हणाले, "काय रे शाण्या, गेलेला करंट परत कसा येणार? लाल बस पकडून?" तुमची ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारल्यावर गरम लागते का, तेवढं बघा.

तपासणी फुकटातली आहे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला, पट्टा-फॅनपासून लांब. सेल्फ मारा. झटकन फिरला तर चोर सापडला. मीटर असेल तर जंपर काढून, व्होल्टवर लावून त्याच दोन जागांवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट दाखवला तर अर्थ गेला म्हणून समजा. ओहमवर लावून बघू नका. तिथं वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर 'सगळं बरं' म्हणतो.

मग मायनस काढून ठेवा आणि अर्थचे बोल्ट खोला. पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, वायरीचं टोकही. घट्ट आवळा आणि त्यानंतरच वरून व्हॅसलिन. मागच्या दिव्यांच्या अर्थलाही हेच औषध. एवढं करूनही 'टक्'च आलं, तर प्लसच्या वायरीची टोकं आणि सेल्फचा सोलेनॉइड, म्हणजे त्याला करंट जोडून देणारा स्विच, बघू. पुन्हा लिहा.

प्रश्न : माझी जुनी गाडी आठवड्यातून एकदाच निघते. चार दिवस उभी राहिली की बॅटरी झोपते. चार्जिंग तपासलं, १४ व्होल्ट आहे.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : चार्जिंग बरं आहे, म्हणजे बहुधा गळती आहे. सगळं बंद करून, दारं लावून, मायनसची वायर काढा आणि मधे मीटर अँपिअरवर जोडा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चालतं. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गेले. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत झोपणारच की ओ. आता एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा पडतो, त्या वाटेवर चोर. बहुतेक वेळा नंतर बसवलेला टेप निघतो, नाहीतर डिकीतला न विझणारा दिवा. एकाही फ्यूजनं आकडा हलला नाही तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा, आतला डायोड गळत असेल. वायर सोडवताना मायनस काढलेलाच हवा. आणि मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जाईल.

प्रश्न : वायपरचा फ्यूज सारखा उडायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली, तेव्हापासून उडत नाही. चालेल ना?
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : आता फ्यूजऐवजी वायर जळेल. चांदी आजच काढा, पाऊस असला तरी. नवा फ्यूज जेवढ्या अँपिअरचा झाकणावर लिहिलाय तेवढाच घाला, आणि वायपरची मोटर किंवा तिची दांडी जाम आहे का ते तपासून घ्या.