गिअर अडतात आणि क्लचचे पेडल कधीकधी खालीच राहते. पूर्ण क्लच सेट बदलणे गरजेचे आहे का?

आपण लिहिले आहे की, गाडी जुनी आहे, इंजिन चालू असताना पहिला आणि रिव्हर्स गिअर टाकताना कर्रकर्र आवाज येतो, क्लचचे पेडल अधूनमधून तळाशीच राहते, आणि मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवून पूर्ण क्लच सेट बदलण्याचा सल्ला दिला आहे. एवढ्या माहितीवर मी तरी आज गिअरबॉक्स उतरवायला परवानगी देणार नाही.

क्लचचे बहुतेक बिघाड दोन प्रकारचे असतात. क्लच नीट पकडत नाही, हा एक आणि क्लच नीट सुटत नाही, हा दुसरा. पकड गेली की, वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, आणि पुष्कळदा जळका वासही येतो. क्लच प्लेट झिजल्याचे हे खरे लक्षण होय. आपली तक्रार याच्या उलट आहे. पेडल पूर्ण दाबूनही इंजिनची गती गिअरबॉक्सपर्यंत पोचत राहते, म्हणून दाते एकमेकांवर घासतात. झिजून पातळ झालेली प्लेट निसटते, ती सुटायला त्रास देत नाही. त्यामुळे केवळ प्लेट झिजली या कारणाने आपल्या गाडीतील दोष समजावून सांगता येत नाही.

प्रथम इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनवरही ते अडत असतील तर क्लचऐवजी गिअर लिव्हरच्या जोडण्यांकडे किंवा खुद्द गिअरबॉक्सकडे पाहावे लागेल. बंद असताना सहज पडतात आणि चालू असताना अडतात, असे असेल तर क्लच सुटत नाही हे जवळजवळ नक्की. त्यानंतर हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून, समोर व मागे मोकळी जागा ठेवून इंजिन आयडलवर चालू ठेवावे, पेडल पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. जुन्या गाड्यांत रिव्हर्सला बहुधा सिंक्रोनायझर (दात्यांची गती जुळवून देणारा भाग) नसतो, म्हणून पेडल दाबल्या दाबल्या थोडासा आवाज येणे स्वाभाविक आहे. एवढे थांबूनही आवाज आला, तर तो दोषच समजावा.

आता सर्वांत उपयोगी चाचणी. पेडल भराभर तीन-चार वेळा पंप करावे आणि शेवटच्या वेळी दाबून धरूनच गिअर टाकावा. एरवी अडणारा गिअर आता सहज पडला, तर क्लच हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी तेलाच्या दाबाने चालणारा, आहे आणि दोष बहुतेक त्याच्या दाबातच आहे, असे मानायला हरकत नाही: कुठेतरी हवा शिरली आहे किंवा सिलिंडरमधील रबरी सील दाब धरत नाही. पेडल खाली राहण्याची आपली तक्रारही याच्याशी जुळते.

मग तेल जाते कुठे हे शोधावे. क्लचच्या तेलाच्या टाकीतील पातळी पाहावी, डॅशबोर्डखाली वाकून पेडलचा दांडा जेथे मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या सिलिंडरमध्ये) शिरतो तेथे बोट फिरवावे, पायाखालचा गालिचा ओला आहे का हे हाताने चाचपावे. गिअरबॉक्सवरील स्लेव्ह सिलिंडरच्या (त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरच्या) टोकाला एक रबरी टोपी असते. तिची कड हलकेच उचलली की आत साचलेले तेल बाहेर येते, आणि बाहेरून कोरडा वाटणारा सिलिंडरही आतून गळत असल्याचे तेव्हा कळते. दुसऱ्या कोणाला पेडल दाबायला सांगून स्लेव्हचा दांडा किती सरकतो हेही पाहावे आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी ताडावे. खाली जावे लागले तर गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये. कोठेही ओल नसताना पाय स्थिर दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल, तर मास्टर सिलिंडरचे सील आतल्या आत तेल सोडत आहे असे समजावे.

सील किंवा सिलिंडर बदलल्यावर हवा पूर्ण काढावी लागते, आणि तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच, बहुधा डॉट 3 किंवा डॉट 4, घालावे. हे तेल हवेतील ओलावा शोषते. जुन्या गाडीत ते वर्षानुवर्षे बदललेले नसते, आणि त्या ओलाव्याने सिलिंडरच्या आतील भिंत गंजून नवे सीलही लवकर खराब होते. अशा वेळी सीलच्या किटपेक्षा पूर्ण सिलिंडर बदलणे मला अधिक पटते.

आपल्या गाडीत क्लच वायर असेल तर पंप करण्याच्या चाचणीचा काहीच उपयोग नाही. वायरच्या दोन्ही टोकांशी तुटलेले तंतू दिसतात का, आवरण दबले आहे का आणि पेडलचा फ्री प्ले (क्लचवर दाब येण्याआधी पेडल मोकळे सरकते ते अंतर) वाजवीपेक्षा जास्त आहे का, हे पाहावे. फ्री प्ले जास्त झाला की क्लच पूर्ण सुटत नाही; तो मुळीच नसेल तर क्लच निसटतो आणि रिलीज बेअरिंग (क्लच सोडवण्यासाठी दाबले जाणारे बेअरिंग) सतत फिरत राहून झिजते. पुष्कळ गाड्यांत एका नटने हे जुळवता येते.

बाहेरचे सारे ठीक असूनही दोष राहिला, तरच आतील कारणांकडे वळावे: वाकलेली प्लेट, स्प्लाइनवर (गिअरबॉक्सच्या दांड्यावरील खाचांवर) अडकणारी प्लेट, रिलीज बेअरिंग ढकलणारा फोर्क तडकलेला, प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची तुटलेली बोटे, किंवा त्या दांड्याच्या टोकाला आधार देणारे पायलट बेअरिंग जाम झालेले. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडरच गिअरबॉक्सच्या घराच्या आत बसवलेला असतो, आणि तोच गळत असेल तर गिअरबॉक्स उतरवणे टळत नाही. एकदा तो उतरला की प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्रच बदलून घ्यावे, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग आणि क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सीलही पाहून घ्यावे. त्या स्थितीत मेकॅनिकचा सल्ला योग्यच ठरतो.

मेकॅनिकला या चाचण्या आपल्यासमोर करायला सांगाव्यात. तेल गळताना आढळले तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, कारण काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांना तेल एकाच टाकीतून जाते.