वाचकांचे प्रश्न: मालिकेतला तपास अधिकारी आणि त्याने पेरलेला सुरा

प्रश्न (नौपाडा, ठाणे): ठाण्याच्या गुन्हे शाखेतल्या पोलीस निरीक्षकावर आठ भागांची मालिका लिहितो आहे. तो दारू पितो, बायको सोडून गेली आहे, रात्री मासुंदा तलावाकाठी एकटाच बसून असतो. तरी वाचणारे म्हणतात, याची काळी बाजू जाणवतच नाही. काय कमी पडतंय?

उत्तर: कृती. दारू आणि एकटेपणा हे त्याचं दुःख झालं, आणि दुःखी माणसाची प्रेक्षकाला कीव येते, धास्ती वाटत नाही. त्याने समजून-उमजून एखादं काम केलं पाहिजे आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागली पाहिजे. ‘द शील्ड’ या अमेरिकी मालिकेच्या पहिल्याच भागात (२००२) नायक आपल्याच पथकातल्या पोलिसाला गोळी घालतो. ती गोळी शेवटच्या हंगामापर्यंत त्याची पाठ सोडत नाही.

तुमच्या नायकासाठी अशी जागा आपल्या कायद्यातच आहे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये (जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ ते २७) एक अपवाद आहे. ताब्यातल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. म्हणून ‘सुरा कुठे टाकला ते दाखवतो’ या एका वाक्याला, त्याच्या निवेदन पंचनाम्याला (ते वाक्य पंचांसमोर लिहून घेतल्याच्या कागदाला) आणि दोन पंचांच्या सह्यांना एवढं मोल असतं. आता समजा, नायकाची खात्री आहे की खुनी हाच, पण सुरा काही मिळत नाही. मग तो स्वतःच एक सुरा पेरतो. जागा निवडतो विटाव्याजवळच्या खाडीतली, तिवरांच्या मुळांशी. सुऱ्यावर रक्त का नाही, याला ‘खाऱ्या पाण्यात धुऊन गेलं’ हे उत्तर तयार असतं.

ही हुशारीच पुढे त्याच्या अंगाशी येऊ द्या. खाडीला दिवसातून दोनदा भरती येते. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सव्वासहा तास जातात आणि वेळा रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. नायक दुपारी १२ वाजता, पूर्ण ओहोटीला, चिखलात सुरा खोचून येतो. पंचनाम्यावर मात्र वेळ पडते संध्याकाळी सहाची, कारण पंच मिळायला उशीर झालेला असतो. सहाच्या सुमाराला ती जागा पाण्याखाली असते. बचावाच्या वकिलाने भरती-ओहोटीचं त्या दिवसाचं कोष्टक न्यायालयापुढे ठेवलं, की तेवढं पुरे.

असं काम कुठे कुठे खूण ठेवून जातं, त्याची यादी पटकथेच्या आधी करा. पोलीस ठाण्याच्या डायरीत बाहेर पडल्याची आणि परतल्याची वेळ असते. सरकारी गाडीच्या लॉगबुकात किलोमीटर असतात. नायकाच्या स्वतःच्या मोबाइलचं टॉवर लोकेशन दुपारी १२ चं निघतं. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं दृक्‌श्राव्य चित्रण करावं लागतं. ते कोण करतं? बहुधा पथकातला सगळ्यांत तरुण शिपाई, मोबाइलवर. आरोपी जागा दाखवण्याआधीच साहेब तिकडे वळलेले त्याच्या चित्रणात दिसले, तर तो पोरगा काय करेल? पाचवा भाग त्याचा होऊ शकतो.

किंमत मोजणारा माणूस लांबून आणू नका. पंच म्हणून स्टेशनाबाहेरच्या वडापावच्या गाडीवाल्याला उभं करा. गाडी रोज लागावी म्हणून तो नाही म्हणू शकत नाही आणि न वाचता सही करतो. उलटतपासणीत तोच फितूर होतो किंवा खोटा ठरतो. दोन्हीकडून मरण त्याचंच.

आरोपी खरा खुनी की निर्दोष, हे लवकर उघड करू नका. खुनी ठरला की प्रेक्षक नायकाला माफ करून मोकळा होतो. निर्दोष ठरला की नायक सरळ खलनायक होतो. त्याच्याविरुद्ध तीन भक्कम गोष्टी द्या आणि कशातच न बसणारी एक. पेरणी पहिल्या भागाच्या अखेरीला, फार तर दुसऱ्याच्या मध्यावर. त्याहून उशीर केलात तर ती शेवटचा धक्का होऊन बसते, आणि धक्क्याला परिणाम दाखवायला भागच उरत नाहीत.

प्रश्न (ऐरोली): झडती बेकायदा असेल तर पुरावा बाद, असं परदेशी मालिकांत दिसतं. आपल्याकडे दाखवलं तर चालेल?

उत्तर: नाही, ही चूक फार होते. आपल्याकडे बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने फेटाळला जात नाही, तो प्रकरणाशी संबंधित आहे का हे पाहतात. पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये हे स्पष्ट केलं. त्यामुळे कुलूप फोडून घरात शिरणाऱ्या नायकाला ‘केस हरेन’ ही भीती नसते, त्याला थांबवायला फक्त तो स्वतः असतो. लेखकाला याहून चांगलं काय हवं? कबुलीजबाबाचा नियम मात्र वेगळा आहे. वरचं कलम २३ पाहा.

प्रश्न (नेरूळ): कोठडीतल्या मारहाणीचा प्रसंग लिहिला की वाचनाला लोक खूश होतात. मला तसं नकोय.

उत्तर: मार आणि माहिती यांची सांगड तोडा. मारलं आणि लगेच खरा पत्ता मिळाला, असं लिहिलंत की मार योग्यच ठरला. वेदनेत माणूस मार थांबेल असं काहीही बोलतो, समोरच्याला हवं असलेलं नाव आधी घेतो. तर मिळालेली माहिती अर्धी खोटी असू द्या. पथक दोन दिवस तुर्भ्याच्या गोदामांत हिंडेल, आणि तोवर खरा माणूस निसटेल.

प्रसंग अर्ध्या पानाचाच ठेवा. कॅमेरा दाराबाहेरच्या ठाणे अंमलदारावर, मागे संगीत नाही. मग दुसऱ्या दिवसावर वेळ घालवा. अटकेपासून २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागतं, त्याआधी वैद्यकीय तपासणी होते. डी. के. बसू निकालाने (१९९६) कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी सांगितली आहे. ‘पोलिसांबद्दल काही तक्रार?’ हा दंडाधिकाऱ्यांचा प्रश्न, दारात उभा असलेला नायक आणि आरोपीचं ‘नाही साहेब’ यांत मारहाणीपेक्षा जास्त काळोख आहे. पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने जपण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे, तेव्हा ‘कॅमेरा बंद होता’ असं लिहाल तर तो कुणी बंद केला हेही ठरवून ठेवा.

प्रश्न (कोपरखैरणे): माझी नायिका खासगी गुप्तहेर आहे. ती एखाद्याचा सीडीआर (फोनवरच्या कॉलचा तपशील) मिळवू शकते का?

उत्तर: कायदेशीर मार्गाने नाही. तो अधिकार तपास यंत्रणांचा आहे. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनीच सीडीआरच्या बेकायदा विक्रीत खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. म्हणजे तुमच्या नायिकेने सीडीआर विकत घेतला तर तिची काळी बाजू तिथूनच सुरू होते. विकणारा तिचं नाव जपून ठेवेल, हे विसरू नका.

प्रश्न (कळवा): खुनाचं कलम ३०२ लिहू की १०३?

उत्तर: खून १ जुलै २०२४ पूर्वी झाला असेल तर भारतीय दंड संहितेचं ३०२, त्या दिवशी किंवा नंतर झाला असेल तर भारतीय न्याय संहितेचं १०३. जुन्या खुनाची फाइल आज उघडणारा नायक असेल, तर त्याच्या तोंडी ३०२ च येईल.