पहिल्या रात्री लागेल का?

नवजात बाळांच्या विभागात नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे ओळखीत कुणाला सातवा महिना लागला की खरेदीचे प्रश्न माझ्याकडे येतात. या वेळच्या पत्रांतले पाच घेतले आहेत.

प्रश्न : पहिलंच बाळ आहे. मैत्रिणीने दिलेल्या यादीत साठ वस्तू आहेत. आधी नेमकं काय घेऊ?

यादी समोर ठेवा आणि प्रत्येक वस्तूपुढे एकच विचारा, बाळ घरी आलं त्या पहिल्या रात्री ही लागेल का? साठातल्या पंधरा उरतील. सहा-आठ झबली, तेवढीच सुती दुपटी, दोन टोपडी, दोन मऊ टॉवेल, लंगोट किंवा डायपर, झोपायची नीट जागा आणि एक डिजिटल थर्मामीटर. बाकीचं बाळ आल्यावर बघता येतं. सगळ्यात लहान मापाचे कपडे तर ढिगाने घेऊच नका. काही आठवड्यांत ते आखूड होतात, आणि बाळ अंगाने भरलेलं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा होत नाहीत.

झबल्यांबद्दल मात्र जरा थांबते. दुकानात सगळीच गोड दिसतात. पण रात्रीचे तीन वाजलेत, शी पाठीपर्यंत गेली आहे, बाळ रडतंय आणि झबलं डोक्यावरूनच काढायचं आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. बाळाची मान धरलेली नसते, एक हात ती सावरण्यातच अडकतो, आणि उरलेल्या एका हाताने बरबटलेलं कापड तोंडावरून ओढायचं! म्हणून समोरून पूर्ण उघडणारी, टिचबटणांची किंवा आखूड बंदांची झबली घ्या. गळ्याशी लांब नाडी नको. मोजे घातलेच तर आधी उलटे करून आतले सुटे धागे कापा. असा एखादा धागा किंवा आईचा गळलेला केस बोटाला गुंडाळला जातो, बोट सुजतं, आणि बाळ का रडतंय ते कुणाला कळत नाही.

प्रश्न : पाळण्याबरोबर गादी, उशी, कडेचे मऊ तक्के आणि रजई असा सेट मिळतो. घ्यावा का?

पाळणा आणि गादी घ्या, बाकीचं दुकानातच राहू द्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला उशी लागत नाही. तोंड मऊ कापडात रुतलं तर मान वळवून ते सोडवण्याची ताकद बाळात नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतले अचानक मृत्यू तिथे निम्म्यावर आले. 2022 मध्ये तर त्या देशाने कडेच्या तक्क्यांची आणि बाळाला तिरकं झोपवणाऱ्या आसनांची विक्रीच कायद्याने बंद केली. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं. गादीवर तळहात दाबून उचला. खड्डा तसाच राहिला तर ती नको. गादी आणि पाळण्याची कड यांच्यात दोन बोटं जात असतील तर गादीचं माप चुकलंय. गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी.

प्रश्न : कापडी लंगोट की डायपर?

तुमच्या घरात कपडे धुवायला किती हात आहेत, त्यावर ठरवा. दिवसाला आठ ते बारा बदलावे लागतात, हा हिशोब दोन्हीकडे सारखाच. कापडी लंगोटाचा एक फायदा आहे, बाळाने शू केली की लगेच कळतं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा शू व्हायला हवी, दूध पुरेसं जातंय का हे त्यावरून समजतं. काहीही वापरलंत तरी नाळ गळून पडेपर्यंत पुढची कड तिच्या खाली दुमडा. पावडर मात्र घेऊ नका. ती नाकातोंडात उडते आणि तिचा उपयोग काहीच नाही.

प्रश्न : बाटल्या, निर्जंतुक करायचं यंत्र आणि दूध काढायचा पंप आधीच आणून ठेवू का?

नको. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पंप लागतो की नाही आणि कोणता लागतो, हे अंगावर पाजायला लागल्याशिवाय समजत नाही. वरचं दूध द्यावं लागलंच तर डॉक्टर सांगतील, आणि बाटली तासाभरात आणता येते. पूर्ण संच हौसेने घेऊन त्यातलं खोकंही न फोडलेली घरं मी पाहिली आहेत.

प्रश्न : बायकोच्या याद्या तयार आहेत. बाप म्हणून मी काय आणू?

थर्मामीटर तुम्ही आणा, आणि तो काखेत कसा लावायचा ते आधीच स्वतःवर करून शिका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सियस, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप भरला तर घरी औषध द्यायचं नाही, तडक डॉक्टरांकडे जायचं. हा आकडा फ्रिजवर चिकटवा.

घरी गाडी असेल तर बाळाचं आसनही तुमच्याकडे. ते मागच्या सीटवर, गाडीच्या मागे तोंड करून बसवायचं असतं. हे आसन सेकंडहँड घेऊ नका. आधी अपघात झाला असेल तर आतली तड वरून दिसत नाही. कपडे मात्र नात्यातले, वापरलेले खुशाल घ्या. धुऊन धुऊन ते नव्यापेक्षा मऊ झालेले असतात. नवे-जुने सगळे एकदा धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवा. हे कामसुद्धा तुम्हीच करा, म्हणजे रात्री तीन वाजता दुपटं कुठल्या खणात आहे हे बायकोला उठवून विचारावं लागणार नाही.