वाचकांचे प्रश्न : खेळाडूभरतीतील नियमभंग आणि प्रतिस्पर्ध्यांचा जल्लोष

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात शिकतो. त्यांच्या कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगन विद्यापीठाचे माजी अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षक जिम हार्बो यांच्यावर खेळाडूभरतीच्या नियमभंगाबद्दल कारवाई झाली, तेव्हा तो आणि त्याचे मित्र जणू सामनाच जिंकल्यासारखे आनंदले. दुसऱ्याला झालेल्या शिक्षेचा एवढा आनंद मानावा का? आणि मुळात हा गुन्हा होता तरी किती मोठा?

उत्तर : आधी प्रकरण नीट पाहू. शाळेतल्या गुणी खेळाडूंना आपल्या विद्यापीठात आणण्यासाठी अमेरिकेत जी चढाओढ चालते, तिला एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था वेळापत्रक घालून देते, आणि त्यात काही काळ असा असतो की प्रशिक्षकाने खेळाडूला किंवा त्याच्या पालकांना प्रत्यक्ष भेटायचेच नसते. कोविडमुळे ही भेटबंदी मार्च 2020 पासून मे 2021 अखेरपर्यंत लांबली. त्या काळात मिशिगनने भेटी घेतल्याचे एनसीएएच्या समितीला आढळले आणि ऑगस्ट 2024 मध्ये हार्बो यांच्याविरुद्ध चार वर्षांचा आदेश निघाला. त्यानुसार कोणत्याही विद्यापीठाने त्यांना या मुदतीत नेमले, तर पहिला हंगाम त्यांना निलंबित राहावे लागेल. प्रत्यक्षात ते त्याआधीच लॉस एंजेलिस चार्जर्स या व्यावसायिक संघाकडे गेले होते. समितीने भेटींपेक्षा चौकशीत सहकार्य न करण्याचा दोष अधिक गंभीर मानला, ही गोष्ट जल्लोष करणारे आणि बचाव करणारे दोघेही सहसा सोडून देतात.

आता आनंदाविषयी. ज्या विद्यापीठांनी भेटबंदी पाळली, त्यांच्या प्रशिक्षकांनी घरबसल्या फोनवर समाधान मानले आणि कदाचित त्यापायी एखादा चांगला खेळाडू गमावलाही, त्यामुळे नियम मोडणाऱ्याला शिक्षा झाल्याचे समाधान वाटण्यात मला काहीही गैर दिसत नाही. मात्र ते समाधान नियमाचे आहे की केवळ मिशिगनची मान खाली गेल्याचे, हे ओळखण्यासाठी तुमच्या मुलाला 2011 सालाची आठवण करून द्यावी. ओहायो स्टेटच्या पाच खेळाडूंनी आपली पारितोषिके आणि स्मृतिचिन्हे विकल्याचे किंवा त्यांच्या बदल्यात अंगावर गोंदवून घेतल्याचे डिसेंबर 2010 मध्ये उघडकीस आले होते. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना हे काही महिने आधीच ईमेलने कळले होते आणि त्यांनी ते दडवले होते. 30 मे 2011 रोजी त्यांनी राजीनामा दिला. 2010 च्या हंगामातील विजय रद्द झाले आणि 2012 चा संघ बाराही सामने जिंकूनही हंगामोत्तर सामन्यांना मुकला. हा भरतीचा नियमभंग नव्हता, पण तेव्हा मिशिगनच्या बाजूला आनंद होता आणि ओहायो स्टेटच्या कोलंबस शहरात ‘मुलांनी स्वतःच्याच वस्तू विकल्या, त्यात एवढे काय’ असा युक्तिवाद होता. आज ‘भेटलेच ना फक्त, त्यात एवढे काय’ हा युक्तिवाद मिशिगनच्या ॲन आर्बर शहरात होतो. बाजू बदलल्या, वाक्य जवळपास तेच राहिले.

याचे मूळ लबाडीत आहे असे मात्र मी म्हणणार नाही. 1951 साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यात फुटबॉलचा एक अत्यंत धसमुसळा सामना झाला. त्याची चित्रफीत नंतर दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखवून दिसतील ते नियमभंग टिपायला सांगण्यात आले. 1954 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना डार्टमथच्या खेळाडूंचे जेवढे नियमभंग दिसले, ते डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसलेल्यांच्या दुपटीहून अधिक होते. चित्रफीत तीच होती आणि कुणी जाणूनबुजून खोटेही बोलत नव्हते. भरतीच्या प्रकरणांत तर पाहायला चित्रफीतही नसते. असतात त्या कुजबुज, पावत्या आणि फोनच्या नोंदी, त्यामुळे आपल्याला हवे ते पाहण्याला आणखीच वाव मिळतो.

प्रश्न : अशा बहुतेक तक्रारी प्रतिस्पर्धी गोटातूनच येतात असे ऐकतो. मग त्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

उत्तर : तक्रारीमागचा हेतू आणि तक्रारीतला पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात. एनसीएएला न्यायालयासारखा समन्सचा अधिकार नाही. विद्यापीठाचा नोकर किंवा खेळाडू नसलेल्या माणसाला ती साक्षीला बोलावू शकत नाही आणि कुणाच्या बँकेचे व्यवहारही उघडू शकत नाही. त्यामुळे विद्यापीठाने स्वतःहून दिलेली कबुली, वृत्तपत्रांचा शोध आणि प्रतिस्पर्ध्यांची जागरूकता यांवरच तिला बरेच विसंबावे लागते. क्वचित योगायोगही कामी येतो. 1988 मध्ये केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल विभागातून लॉस एंजेलिसमधील एका खेळाडूच्या वडिलांच्या नावे निघालेले पाकीट कुरिअर कंपनीच्या केंद्रात फुटलेले आढळले आणि आत चित्रफितीबरोबर 50 डॉलरच्या 20 नोटा असल्याचे कर्मचाऱ्यांनी सांगितले. पैसे आपण ठेवलेच नाहीत, असे संबंधित सहायक प्रशिक्षकाने ठामपणे म्हटले, आणि कुरिअर कंपनीविरुद्धचा त्याचा दावा पुढे तडजोडीने मिटला. पण त्या पाकिटापासून सुरू झालेली चौकशी बरीच पुढे गेली आणि 1989 मध्ये केंटकीवर दोन वर्षांची हंगामोत्तर बंदी आली.

प्रतिस्पर्ध्यांच्या चिकाटीचे सर्वांत ठळक उदाहरण मिसिसिपी राज्यातले आहे. ‘ओल मिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिसिसिपी विद्यापीठाची चौकशी सुरू असताना, त्याच राज्यातल्या मिसिसिपी स्टेट या प्रतिस्पर्धी विद्यापीठात गेलेल्या एका खेळाडूने कारवाईपासून संरक्षण मिळाल्यावर एनसीएएपुढे साक्ष दिली. साहजिकच ओल मिसच्या पाठीराख्यांनी त्याला सूडबुद्धीचे प्यादे ठरवले. पुढे मिसिसिपी स्टेटचे वार्तांकन करणाऱ्या एका लेखकाच्या सूचनेवरून ओल मिसच्या एका माजी प्रशिक्षकाच्या वकिलाने विद्यमान प्रशिक्षक ह्यू फ्रीझ यांच्या फोनच्या नोंदी मागवल्या. सार्वजनिक विद्यापीठ असल्याने त्या द्याव्याच लागल्या. त्यांतील एका फोनवरून वैयक्तिक वर्तनाचा जो प्रश्न उभा राहिला, त्यातून फ्रीझ यांनी जुलै 2017 मध्ये पद सोडले, आणि डिसेंबरमध्ये भरतीच्या प्रकरणाचा निकाल लागून एकूण दोन वर्षांची हंगामोत्तर बंदी आली. लेखकाला ओल मिसविषयी प्रेम नव्हते हे खरेच आहे, तरी नोंदी खऱ्याच होत्या.

हेतू शुद्ध नाही म्हणून पुरावा फेकून द्यायचा ठरवले, तर भरतीतला भ्रष्टाचार कधीच बाहेर येणार नाही, कारण आपल्याच संघाची तक्रार करणारा पाठीराखा फार दुर्मीळ असतो. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम वॅकर यांनी 1985 मध्ये ते धाडस केले होते. धनिक पाठीराख्यांकडून पैसे घेतलेल्या आपल्या खेळाडूंना त्यांनी स्वतः संघाबाहेर काढले आणि प्रकरण एनसीएएला कळवले. त्यात चेंडू घेऊन धावणारा त्यांचा सर्वोत्तम खेळाडू केनेथ डेव्हिसही होता. तरीही पुढच्या वर्षी संघावर कठोर निर्बंध आले. प्रामाणिकपणाला एवढी जबर किंमत मोजायला लावणे ही एनसीएएची मोठी चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पाहिल्यावर दुसरा प्रशिक्षक आपणहून पुढे का येईल?

प्रश्न : पैसे देणारे सुटतात आणि शिक्षा नंतर आलेल्या मुलांना होते. प्रतिस्पर्धी पाठीराख्यांना हे दिसत नाही का?

उत्तर : बहुतेकांना दिसत नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हेच. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात धनिकांच्या गुप्त निधीतून खेळाडूंना नियमित पैसे मिळत असत. आधीच्या कारवाईनंतरही ते थांबले नाही. विद्यापीठाच्या नियामक मंडळावर काम केलेले बिल क्लेमंट्स, जे तोवर टेक्सासचे गव्हर्नर झाले होते, त्यांनीच हे देणे चालू ठेवण्याचा निर्णय आपल्याला ठाऊक असल्याचे मान्य केले. फेब्रुवारी 1987 मध्ये एनसीएएने संघाचा 1987 चा संपूर्ण हंगाम रद्द केला. 1988 मध्ये खेळणे शक्य नसल्याचे विद्यापीठाने स्वतःच जाहीर केले. इतर संघांची पहिली प्रतिक्रिया काय होती? त्यांचे प्रशिक्षक थेट डॅलसच्या आवारात दाखल झाले आणि मोकळे झालेले खेळाडू पटवू लागले. भरतीतल्या गैरप्रकारावरच्या शिक्षेतून नव्या भरतीचा बाजार भरला. त्याच कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातल्या, टेक्सास ए अँड एम आणि ह्यूस्टन यांच्यावरही त्या दशकात कारवाई झाली, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बाजारातली नैतिक उंची किती होती ते कळते. सदर्न मेथडिस्टला पुन्हा हंगामोत्तर सामना खेळण्यासाठी 2009 साल उजाडावे लागले. दरम्यान जी मुले त्या संघातून हरत राहिली, त्यांतली बहुतेक पैसे वाटले गेले तेव्हा लहान होती किंवा जन्मलीही नव्हती.

आता एनसीएए या बाबतीत बदलली आहे. टेनेसी विद्यापीठाच्या प्रकरणात 200 हून अधिक नियमभंग सिद्ध झाले, तरी जुलै 2023 च्या निकालात हंगामोत्तर बंदी आली नाही. विद्यापीठाला 80 लाख डॉलर दंड झाला, आणि माजी प्रशिक्षक जेरेमी प्रुइट यांच्यावर सहा वर्षांचे निर्बंध आले. ‘एवढ्यावर सुटले’ अशी प्रतिस्पर्ध्यांची तक्रार होती. मला मात्र हाच निकाल अधिक न्याय्य वाटतो, कारण त्याचा भार ज्यांनी व्यवहार केला त्यांच्याकडे आणि त्यांच्या संस्थेच्या तिजोरीकडे गेला.

प्रश्न : आता खेळाडूंना उघडपणे पैसे मिळतात. मग भरतीचा नियमभंग उरलाच कुठे?

उत्तर : उरला आहे, फक्त त्याची जागा सरकली आहे. जुलै 2021 पासून खेळाडू आपल्या नावाच्या आणि प्रतिमेच्या वापरातून कमाई करू शकतात. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात आणि 2025-26 साठी याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर ठरली. बाहेरच्या कुणाशी 600 डॉलर किंवा त्याहून अधिकचा करार केला, तर तो खेळाडूने तपासणीसाठी नोंदवायचा असतो, आणि त्यामागे खरा व्यवसाय आहे की जाहिरातीच्या नावाखाली भरतीचा मोबदला, हे तिथे पाहिले जाते. याशिवाय दुसऱ्या संघातल्या खेळाडूने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव नोंदवण्याआधीच त्याच्याशी संधान बांधणे हा नियमभंग आहे, आणि आजचे अनेक आरोप त्याविषयी असतात. तो सिद्ध करणे फार अवघड असते, कारण बोलणी प्रशिक्षक स्वतः करत नाहीत. ती मध्यस्थांमार्फत होतात आणि या मध्यस्थांवर एनसीएएचा काहीच अधिकार चालत नाही.