मराठी बी.ए. झालं, आता बेळगावातच लिहून पोट भरायचं असेल तर

पहिला सल्ला: फक्त वार्ताहर व्हायचं डोक्यात धरू नकोस. बातमीदारीत जागा मोजक्याच असतात. आपल्याकडं खरी गरज आहे ती कन्नड-मराठी अनुवादाची. शेताच्या उताऱ्यापासून बँकेच्या नोटिशीपर्यंत सगळं कन्नडात येतं, आणि वाचणारा घरी मराठी.

कन्नड बोलता येतं म्हणून भागत नाही, सरकारी कन्नड वेगळंच. रोज एक आदेश किंवा नोटीस घे, शब्दांची वही कर, सहा महिने सोडू नकोस. आकड्यांत तर फार जपायला हवं. उताऱ्यात २.२० लिहिलं असेल तर ते २ एकर २० गुंठे, म्हणजे अडीच एकर. ४० गुंठ्यांचा एकर हे विसरून दशांश समजलास तर १२ गुंठे जमीन कागदावरून गायब! महाराष्ट्रातल्या नातेवाइकाला हेक्टर-आर हवं असेल तर मूळ माप तसंच ठेव, रूपांतर कंसात दे.

दुसरं काम मुद्रितशोधनाचं. संमेलनांच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात. 'सर्व', 'किंवा' असे शब्द शोधून तपास. दर पानावर ठरव, आणि किती शब्दांचं पान तेही आधीच लिहून घे. नाहीतर बारीक टायपात दीड पान एकात कोंबून देतात.

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर या गावांतली मराठी साहित्य संमेलनं चुकवू नकोस. कामं देणारी माणसं तिथंच भेटतात.