‘डेन्स’ म्हणजे गाठ का?

प्रश्न : वय ४४. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘डेन्स’ आणि ‘बायरॅड्स ०’ लिहिलंय, वर सोनोग्राफीही सांगितली. कॅन्सर आहे का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : तसा अर्थ होत नाही. बायरॅड्स म्हणजे मॅमोग्राफीच्या निकालाची श्रेणी; त्यात ० म्हणजे निकाल अजून लागायचाय. ‘डेन्स’ म्हणजे दाट, गाठ नव्हे. स्तनातला दाट भाग मॅमोग्राफीत पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच. पांढऱ्या चादरीवर पांढरा धागा शोधायचा म्हटल्यावर नजर चुकणारच. सोनोग्राफीत गाठ बहुधा काळसर उठून दिसते. मात्र कॅल्शियमचे बारीक कण (कधी कधी कॅन्सरची सुरुवातीची खूण) मॅमोग्राफीतच नीट कळतात, त्यामुळे एकीचं काम दुसरीवर भागत नाही. जुन्या फिल्म असतील तर त्याच न्या, नुसता रिपोर्ट नको. पुन्हा मॅमोग्राफी लागलीच, तर पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात जा. तपासणीत स्तनावर पडणारा दाब तेव्हा कमी दुखतो. आणि हो, त्या दिवशी काखेत पावडर-डिओ नको. त्यातले कण फिल्मवर थेट कॅल्शियमसारखे चमकतात!