स्टेजला 'टप्पा' म्हणावे का?

नागपूरच्या एका क्रीडावार्ताहराने विचारले आहे: प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीच्या बातमीत 'सहाव्या टप्प्यात आघाडी' असे लिहिले, तर हा खेळ जाणणाऱ्या वाचकाने हरकत घेतली, 'स्टेज म्हणजे टप्पा नव्हे.' मग मराठीत काय लिहावे? आणि 'डिसक्वालिफाय' झालेल्या नेमबाजाला 'बाद' म्हणावे की 'अपात्र'?

हरकत योग्य आहे. पण 'टप्पा' कुठून आला, तेही समजण्यासारखे आहे. ऑलिम्पिकच्या नेमबाजीत तो अगदी नीट बसतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात पात्रता फेरीचे दोन भाग असतात. आधी ३० गोळ्या अचूकतेच्या, मग ३० वेगाच्या, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते याच प्रकारात. तिथे पहिला भाग पार केल्याशिवाय दुसरा येत नाही, म्हणून 'अचूकतेचा टप्पा', 'वेगाचा टप्पा' असे लिहिणे रास्तच. हीच सवय प्रॅक्टिकलच्या बातमीत उतरली आणि तिथे अडचण झाली, कारण त्या खेळाची घडणच वेगळी आहे.

प्रॅक्टिकल नेमबाजीत नेमबाज एका रेषेवर उभा राहून समोरच्या एकाच लक्ष्यावर नेम धरत नाही. आडोसे, खिडक्या, दारे उभी केलेली असतात, कागदी लक्ष्ये आणि पाडायची लोखंडी लक्ष्ये पेरलेली असतात, मधूनच 'यावर गोळी लागता कामा नये' अशीही लक्ष्ये ठेवलेली असतात. टायमरचा बीप वाजला की कमरेचे पिस्तूल काढायचे आणि हलत, थांबत, वाकत सगळी लक्ष्ये टिपायची. अशी एक पूर्ण मांडणी म्हणजे एक स्टेज. स्पर्धेत अशा अनेक स्टेज असतात आणि नेमबाजांचे गट एकाच वेळी वेगवेगळ्या स्टेजवर सुरुवात करतात. एका गटाची सहावी स्टेज ही दुसऱ्या गटाची पहिली असू शकते. 'सहाव्या टप्प्यात आघाडी' वाचणाऱ्याला मात्र वाटते की पाच टप्पे मागे पडले आणि आता शेवट जवळ आला.

मराठीत 'टप्पा' म्हटले की वाटचाल आलीच. गणेशपेठ स्थानकावरून एसटीने निघालो की भाडे टप्प्यांवर ठरते, एक टप्पा सहा किलोमीटरचा. निवडणुकीचे मतदान टप्प्याटप्प्याने होते. शिवाय बंदुकीच्या संदर्भात तर या शब्दाला आधीपासूनच एक पक्का अर्थ आहे. 'सावज टप्प्यात आले' म्हणजे माऱ्याच्या पल्ल्यात आले. नेमबाजीच्याच बातमीत त्याला आणखी एक अर्थ चिकटवला तर वाचकाने कोणता धरावा?

'फेरी'ही नको. फेरीतून काही जण पुढे जातात, काही गळतात. इथे गळती नसते, प्रत्येकाने सगळ्या स्टेज करायच्या असतात. 'मंच' आडोशांच्या नेपथ्यामुळे सुचतो खरा, पण त्या अर्थाचा इथे काही संबंध नाही.

मला 'डाव' हा शब्द सर्वांत योग्य वाटतो, आणि तो केवळ कानाला बरा लागतो म्हणून नव्हे. पत्त्यांच्या बैठकीत प्रत्येक डाव स्वतंत्र मांडला जातो, त्याचा हिशेब तिथेच होतो आणि मग तो एकूण हिशेबात जातो. स्टेजचेही नेमके तसेच आहे. नेमबाजाचे गुण भागिले लागलेले सेकंद, हा 'हिट फॅक्टर'. ज्याचा हिट फॅक्टर सर्वांत मोठा, त्याला त्या स्टेजचे पूर्ण गुण मिळतात, बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. समजा, सहा कागदी लक्ष्ये आहेत, प्रत्येकी दोन गोळ्या, म्हणजे कमाल ६० गुण. एकाने सगळ्या गोळ्या मधल्या 'ए' भागात मारून ६० गुण केले, पण ७.५ सेकंद घेतले. त्याचा हिट फॅक्टर ८. दुसऱ्याच्या नऊ गोळ्या 'ए'मध्ये लागल्या, तीन बाजूच्या 'सी'मध्ये, तिथे कमी ताकदीच्या काडतुसाला तीनच गुण. त्याचे गुण ५४, पण वेळ ६ सेकंद. हिट फॅक्टर ९. पूर्ण ६० गुण दुसऱ्याला मिळाले, पहिल्याला ५३.३३. तिसरा दुसऱ्याइतकाच वेगवान, अकरा गोळ्या 'ए'मध्ये, पण एक हुकली. हुकलेल्या गोळीचे गुण तर गेलेच, वर १० दंड. ५५ मधून १० गेले, उरले ४५, हिट फॅक्टर ७.५ आणि गुण ५०. हा हिशेब त्या एका डावापुरता. पुढच्या डावात पाटी कोरी, फक्त मिळालेले गुण एकूण बेरजेत जातात. बातमीत 'आघाडी' लिहिताना ती या डावातली की एकूण गुणांतली, हे सांगितलेच पाहिजे.

'डाव'ची दुसरी मोठी सोय म्हणजे 'मांडणे' हे क्रियापद. 'स्टेज डिझाइन'साठी वेगळा शब्द जुळवावा लागत नाही, 'डावाची मांडणी' म्हटले की काम झाले. आणि या खेळात मांडणाऱ्याचे काम फार जबाबदारीचे आहे. नियमांनुसार लहान डाव १२ गोळ्यांपर्यंतचा, मध्यम २४ आणि लांब ३२. स्पर्धेत त्यांचे प्रमाण तीन लहान, दोन मध्यम, एक लांब असे राखावे, असे नियमावली सुचवते. मध्यम आणि लांब डावांत एकाच जागेवरून नऊपेक्षा जास्त गोळ्या माराव्या लागतील अशी मांडणी चालत नाही. सगळी लक्ष्ये एकाच जागेवरून टिपता येतील, अशीही नाही. या सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व आहे, ते मला या खेळातले सर्वांत सुंदर वाटते: कोडे मांडणारा घालतो, ते कसे सोडवायचे हे नेमबाज ठरवतो. आधी डावे दार की उजवी खिडकी, मॅगझिन (गोळ्यांची पेटी) कुठे बदलायचे, कोणते लक्ष्य धावता धावता टिपायचे, हे मांडणाऱ्याने फर्मावायचे नसते. त्याला काही घडवून आणायचे असेल तर आडोसा हलवावा, रेषा सरकवावी. म्हणून नेमबाज सुरुवातीला रिकाम्या हाताने त्या मांडणीतून फिरतात, पावले मोजतात. 'डाव वाचणे' हा प्रयोग इथे आपसूक सुचतो. 'टप्पा वाचणे' कुणी म्हणेल का?

एक सावधगिरी मात्र हवी. 'डाव मांडणे' लिहा, 'डाव रचणे' लिहू नका. रचलेला डाव म्हणजे कट, आणि शेजारी पिस्तूल आले की बातमी गुन्हेवृत्ताच्या पानावर जाईल. क्रिकेटमुळे काहींना डाव म्हणजे इनिंग वाटेल, पण संदर्भ दिला की तो गोंधळ टिकत नाही. मैदानावर नेमबाज 'स्टेज'च म्हणणार, त्यांनी तो शब्द सोडावा असे माझे म्हणणे नाही. लेखात 'स्टेज' लिहिले तरी चालेल. 'टप्पा' तेवढा टाळावा.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते. पिस्तूल हातून पडले, नळी समोरच्या दिशेपासून ठरलेल्या ९० अंशांच्या पलीकडे वळली, किंवा जागा बदलताना बोट ट्रिगरगार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कडीच्या, आत राहिले, की नेमबाजाची स्पर्धा तिथेच संपते. उरलेला एकही डाव त्याला खेळता येत नाही. 'बाद' म्हटले तर क्रिकेटच्या सवयीने वाचक समजेल की त्या डावापुरता बाद, पुढच्या डावात परत येईल. 'अपात्र' म्हटले तर मुळातच पात्रता नव्हती असा भास होतो, जसा उमेदवारी अर्जाच्या छाननीत होतो. 'सुरक्षानियम मोडल्याने स्पर्धेबाहेर' असे लिहावे. अर्थ पूर्ण येतो आणि कारणही कळते. १० गुणांच्या दंडात आणि यात फार अंतर आहे, ते वाचकाला दिसले पाहिजे.

याच बातम्यांत खटकणारे आणखी दोन शब्द. 'प्रॅक्टिकल'चे 'प्रात्यक्षिक' करू नये, 'प्रात्यक्षिक नेमबाजी' म्हणजे कुणीतरी करून दाखवलेली नेमबाजी. 'प्रॅक्टिकल'च ठेवावे. दुसरा शब्द कारभारातला. या खेळाचा महासंघ, आयपीएससी (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन), १९७६मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील कोलंबिया इथे स्थापन झाला, जेफ कूपर हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्याचे सदस्य 'रीजन' म्हणवतात आणि त्यांचे 'रीजनल डायरेक्टर' महासंघाच्या आमसभेत मत देतात. याचे 'विभागीय संचालक' केले की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे सिव्हिल लाइन्समधले कार्यालय आणि विभागाचे सहा जिल्हे येतात. महासंघात रीजन म्हणजे बहुधा अख्खा देश असतो. 'सदस्य देशाचा प्रतिनिधी' लिहिणे बरे. हाँगकाँगसारख्या ठिकाणी 'देश'ऐवजी 'सदस्य प्रदेश' म्हणावे.

रेंज ऑफिसरचे, म्हणजे डाव चालवणाऱ्या पंचाचे, आदेश मात्र भाषांतराच्या वाटेला नेऊ नका. 'लोड अँड मेक रेडी', 'आर यू रेडी', 'स्टँडबाय', आणि त्यानंतर एक ते चार सेकंदांत बीप. गोळ्या मारून झाल्या की 'इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर'. हे शब्द आणि त्यांचा क्रम नियमांनी ठरवलेला आहे. भरलेले पिस्तूल हातात असलेल्या माणसाला क्षणभरही अर्थ लावत बसावे लागू नये, म्हणून. बातमीत ते देवनागरीत जसेच्या तसे द्यावेत आणि अर्थ पुढच्या वाक्यात सांगावा.